फितींचा पाऊस एप्रिलात पडतो

९ जानेवारी, गुरुवार

आकडा मला कळला. त्याला नाही.

डॉक्टरीण बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढला, आणि विब्रेनने हात वर केला — रस्त्यात गाडी थांबवावी तसा! म्हणाला, ‘आजार कुठला ते कळलं. बरा होणार नाही तेही कळलं. पण किती दिवस ते मला सांगू नका. सांगायलाच हवं असेल तर हिला सांगा.’ आणि उठून सरळ बाहेर गेला, मशीनची कॉफी घ्यायला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘सांगा.’

मार्चअखेर. फार तर.

बाहेर आले तर हा दोन कागदी कप घेऊन उभा. ‘लेउवार्डनची कॉफी,’ म्हणतो, ‘याहून वाईट असू शकली असती.’ सेहेचाळीस वर्षं हेच वाक्य ऐकतेय. लग्नाच्या दिवशी माझ्या पोशाखावरसुद्धा हेच बोलला होता. बसमध्ये सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेतं हिरवीगार, पाणी मोकळं, बर्फाचं नाव नाही.

ही वही शिवणाच्या डब्यात खाली ठेवायची. तिथे तो हात घालत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

वाटाण्याचं सूप केलं. दोन ताटल्या जेवला! मग शेडमध्ये जाऊन, पोरं ढकलत स्केटिंग शिकतात त्या खुर्च्यांचे पाय तपासत बसला. बर्फ यायचा पत्ता नाही आणि हा खुर्च्या तपासतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

आज डाउवे आला. विब्रेन झोपला होता. मला खुणेनं शेडमध्ये बोलावलं, दार लावलं, वर कडी घातली. सत्तर वर्षांचा माणूस, गावच्या स्केटिंगच्या बर्फ मंडळाचा चिटणीस, आणि चेहरा असा की जणू कुणाची कोंबडी चोरून आणलीय.

‘गेपके, शपथ घे.’

‘कसली?’

‘आधी घे, मग सांगतो.’

घेतली. तर म्हणे, गेल्या जूनमध्ये त्याने आणि शेजारच्या नीन्केने विब्रेनचं नाव पाठवलंय. किताबासाठी. राजाच्या! ओरान्ये-नासाउचा! मी खुर्च्यांच्या राशीवर टेकले. माझा विब्रेन! गावच्या बर्फाचा मास्तर, बर्फ धरेल की नाही ते सांगणारा, ज्याच्या टोपीला मी तीनदा ठिगळ लावलंय!

डाउवेचं मग सुरूच. असल्या गोष्टी त्याला तोंडपाठ. सगळ्यात वर म्हणे लष्करी विल्यमचा किताब, तो रणांगणावरच्या शूरांचा. तो ज्याच्या छातीवर असेल त्याला सेनापतीसुद्धा आधी सलाम ठोकतो! त्याच्या खाली नेदरलँडचा सिंह. आणि मग आपला ओरान्ये-नासाउ, त्याच्या सहा पायऱ्या. सदस्य, सरदार, ऑफिसर, कमांडर, ग्रँड ऑफिसर, आणि टोकाला महाक्रॉस.

‘मग विब्रेन कुठल्या पायरीवर?’

‘सदस्य.’

‘म्हणजे सगळ्यात खालच्या?’

‘अगं, पायऱ्या काय मोजतेस! मंत्र्याच्या क्रॉसवर जो सिंह असतो तोच याच्याही. तोच मुकुट, तीच नारिंगी फीत. याचा क्रॉस रुपेरी, एवढाच फरक. आठ टोकं. मधे निळ्यावर सिंह, भोवती पांढरं कडं, त्यावर फ्रेंचमध्ये — मी टिकवून धरीन. आणि सैनिकाच्या क्रॉसला तलवारी असतात, आपल्याला तमालपत्रांची माळ. मागच्या बाजूला — देव आमच्या सोबत असो.’ बोलताना त्याचा आवाज चर्चमध्ये होतो तसा झाला होता. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू!

‘एप्रिलात, गेपके! राजाच्या वाढदिवसाच्या आधी, देशभर एकदम किताब वाटतात तो फितींचा पाऊस पडेल तेव्हा. तू त्याला काहीतरी थाप मारून नगरपालिकेत आणायचं. मी विचार करून ठेवलीय थाप. पासपोर्टची!’

आणि मला सांगावं लागलं. मार्चअखेर, म्हणून.

डाउवे उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. मग म्हणाला, ‘गेलेल्या माणसाला देत नाहीत गं. जिवंत असावा लागतो.’

१७ जानेवारी, शुक्रवार

झोप नाही. काल डाउवेकडे अंडी द्यायला गेले आणि विचारलं — नाव पाठवताना लोकांनी सांगितलं तरी काय? तो घरोघर फिरला होता ना.

म्हणाला, गावात पन्नाशीच्या आतला एकही माणूस नाही जो विब्रेनची खुर्ची ढकलत स्केटिंग शिकला नाही. ते मला ठाऊकच होतं. माझ्याच स्वयंपाकघरातल्या खुर्च्या गेल्यात त्यात. पूल दुरुस्त होत होता त्या हिवाळ्यात हा दिवसभर, अंधार पडल्यावरही कंदील घेऊन, पुलाखालच्या पातळ बर्फापाशी उभा राहिला, येणाऱ्या प्रत्येकाला माघारी धाडत, शिव्या खात. तेही ठाऊक होतं. थंडीने कान सुजवून घरी आला होता.

पण सीत्स्केचं ठाऊक नव्हतं.

सीत्स्के म्हणजे बेकरीवाल्याची विधवा. तिचा नवरा बर्फ फुटून गेला, त्याला आता तीस वर्षं झाली. त्यानंतर ती हिवाळ्यात घराचे पडदेसुद्धा उघडायची नाही, कालवा दिसतो म्हणून. तिने डाउवेला सांगितलं — दोन हिवाळ्यांनी एका संध्याकाळी विब्रेन तिच्या दारात आला, हातात खुर्ची. म्हणाला, ‘चल. आता कोणी नाही बघायला.’ तो आठवडाभर रोज अंधार पडताना तिला घेऊन गेला. ती खुर्ची धरून रडायची आणि हा दहा पावलं पुढे उलटा चालायचा, टाचेने बर्फ ठोकत — ‘इथे धरतोय. इथेही धरतोय. ये.’ आठवड्याअखेर ती नवरा गेला त्या जागेपर्यंत पोचली. तिथे दोघंही उभी राहिली आणि परत आली.

तो आठवडा मला आठवतोय! मंडळाची सभा आहे, असं सांगायचा. मी म्हणायचे, इतक्या कसल्या तुमच्या सभा!

तो आत्ता पलीकडे घोरतोय. मी उठून दारातून बघून आले. सेहेचाळीस वर्षं ह्या माणसाचे मोजे धुतेय, आणि मला त्याची भीती वाटावी तसं काहीतरी वाटलं. भीती नव्हे. चर्चमध्ये पहिल्यांदा ऑर्गन ऐकला होता तेव्हाचं.

२२ जानेवारी, बुधवार

नगराध्यक्ष बाईंचा फोन! डाउवेने जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं, त्यांनी हेगला कळवलं, आणि तिथल्या लोकांनी घाई केली. राजाची सही झाली! क्रॉस बाईंच्या टेबलाच्या खणात आहे, निळ्या पेटीत. ‘तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी येते,’ बाई म्हणाल्या. ‘उद्या म्हणालात तर उद्या.’

एवढं मोठं राज्य, एवढा कारभार, आणि कोणीतरी तिथे बसून आमच्या विब्रेनसाठी घाई केली.

मग डोक्यात उजेड पडला. उद्या कशी येणार? ह्या देशात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, फिती एप्रिलात पडतात. जानेवारीत गळ्यात पदाची साखळी घालून नगराध्यक्ष दारात उभी राहिली की त्याचा अर्थ एकच — राजाने एप्रिलपर्यंत थांबू नये इतकं जवळ आलंय! म्हणजे मी मूग गिळून बसलेय ते बाईंनी न बोलता सांगून टाकायचं. आणि तो एवढंच तर मागतोय — मला सांगू नका.

बाईंना म्हटलं तसं. त्या म्हणाल्या, ‘एप्रिल सोडून दोनच वाटा आहेत. संस्थेचा मोठा वाढदिवस, नाहीतर माणूस पदावरून निवृत्त होतो तो दिवस. त्या दिवशी दिला तर कुणाला वावगं वाटत नाही.’

द्यावा तर कळेल. थांबावं तर मिळणार नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही.

२३ जानेवारी, गुरुवार

दिवसभर चिडचिड. त्याच्यावर ओरडले, चिखलाचे बूट आत आणले म्हणून. बूट माझेच होते.

२६ जानेवारी, रविवार

डाउवेने वाढदिवसाची वाट धरली. चर्चनंतर कॉफीला आला, एकच बिस्किट घेतलं (हे वाईट लक्षण), आणि घसा खाकरून म्हणतो, ‘विब्रेन, आपल्या मंडळाला यंदा एकशे पंचवीस वर्षं होतात. समारंभ करावा म्हणतो. फेब्रुवारीत.’

विब्रेनने कप खाली ठेवला. ‘एकशे सतरा.’

‘छे! एकशे पंचवीस.’

‘अरे, तू चिटणीस ना? माझ्या आजाने पहिली सभा घेतली, गायींच्या गोठ्यात. ज्या हिवाळ्यात माझ्या बापाचा जन्म झाला त्या हिवाळ्यात. एकशे सतरा! आणि फेब्रुवारी कुठला? डिसेंबर!’

‘मग… एकशे सतराचा करू.’

‘एकशे सतराचा समारंभ कोणी करतं का? तुला बरं नाही का डाउवे?’

डाउवेने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. मी कपबशा घेऊन आत पळाले. आत जाऊन हसले, आणि मग ते हसणंच राहिलं नाही. नळ सोडून ठेवला.

डाउवेने ओरान्येकूक केकची ऑर्डर आधीच देऊन ठेवली होती म्हणे, चाळीस माणसांची!

३१ जानेवारी, शुक्रवार

उरली दुसरी वाट. मी मटार सोलावेत तसं सहज म्हणाले, ‘नीन्के आता चांगली तयार झालीय नाही? तुझ्याबरोबर किती हिवाळे फिरली! तिलाच मास्तर करून टाक की. थंडीत तुला कशाला दगदग?’

नीन्के शेजारची. चाळीशीची, साठ गायी सांभाळते, हात विब्रेनपेक्षा दणकट. तिच्याबद्दल त्याला माया आहे, तरी म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा दगड झाला.

‘जोवर पाणी गोठतंय तोवर मास्तर मी.’

‘पण —’

‘गेपके. मी मास्तर म्हणूनच मरणार.’

शब्द बाहेर पडला. मग तो म्हणाला, ‘बटाटे लागतायत खाली.’ खरंच लागले होते.

पुन्हा विचारणार नाही. माणसाकडे उरलेली एक गोष्ट काढून घ्यायची आणि बदल्यात क्रॉस टोचायचा, असला व्यापार मला जमणार नाही. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पेटी खणात आहे. मी कुठे जात नाही.’ चांगली बाई आहे. मी तिला मत दिलं नव्हतं — असं लिहिणार होते, पण नगराध्यक्षाला मत देतं कोण? वरून नेमलेलीच येते. तरी चांगली निघाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

वारा फिरला, आता पूर्वेकडून येतोय, म्हणजे गोठणार. सकाळी उठून त्याने बॅरोमीटरवर टिचकी मारली, मग पुन्हा मारली, मग मला हाक. ‘गेपके! ऊठ! सुई बघ!’

गालावर रंग आलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

गोठलं! स्केटिंगसाठी कुरणात सोडलेलं पाणी आधी, आज कालवासुद्धा काठांकडून. सगळं गाव नाकं लाल करून दारात उभं. सगळ्यांचा एकच प्रश्न, आमच्याच खिडकीखाली येऊन — ‘मास्तर काय म्हणतात?’

मास्तर खुर्चीत. जिन्यावरून उतरतानाच धाप लागली. पाय सुजलेत. खिडकीतूनच बोट हलवतो — अजून नाही. आणि मोठमोठाले बाप्ये निमूट माघारी जातात! त्यांच्यातला एकही ‘बघू तर खरं’ म्हणत नाही.

डाउवे पेटीचं सांगून गेला कानात. म्हणे तो क्रॉस आपला होतच नाही कधी, देशाचाच राहतो. माणूस गेला की परत पाठवायचा. मग घासूनपुसून दुसऱ्या कुणाला देतात. म्हणजे बाईंच्या खणातला तोही कुणाच्या छातीवरून आलेला असेल. कोण असेल? नर्स? बँडवाला? कुठल्या गावचा? मला आधी ते कसंसंच वाटलं. मग रात्रभर तीच अनोळखी माणसं डोळ्यांपुढून जात राहिली, एकामागून एक, छातीवर तेच नारिंगी. कुणाचंच नाव माहीत नाही. हेगला कुणाला तरी माहीत असेल, म्हणून बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट लिहायचं आहे. घाई करायची नाही.

सकाळी नीन्के ढकलगाडीसारखी स्लेज घेऊन दारात. ‘काका, चला. तुम्ही बघितल्याशिवाय मी कुणाला पाय ठेवू देणार नाही.’ मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि घोंगड्या आणायला गेले. तीन घोंगड्या, गरम पाण्याची बाटली, ठिगळाची टोपी.

काठावर सगळं गाव, पण आवाज नाही. ऊन नुकतं वर आलेलं. बर्फ काळा! पांढरा नव्हे, काळा आणि काचेसारखा, खाली लव्हाळी उभीच्या उभी दिसत होती, एक मासासुद्धा. इतके हिवाळे पाहिले, तरी मी ‘अरे देवा’ म्हणाले, मोठ्याने.

त्याने हात धरून उठवायला सांगितलं. गिरमिट हातात घेतलं आणि पहिलं भोक स्वतः पाडलं. किती वेळ लागला! कोणी मदतीला पुढे झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग टाचेने ठोकलं, मान तिरकी करून ऐकलं. पुढे, पुन्हा ठोकलं. नीन्के काखेत हात घालून बरोबर. कुरणाच्या मध्यावर थांबला, धापा टाकत, आणि गिरमिट तिच्यापुढे धरलं.

‘पुढचं तू पाड.’

तिने पाडलं. मापलं.

‘काय म्हणतेस?’

‘कुरण धरेल, काका. कालवा वळणापर्यंत. पुलाखाली नाही.’

‘मुलं?’

‘मुलं कुरणात. कालव्यात फक्त मोठी, तीही एकेक.’

त्याने मान हलवली. गिरमिट तिने परत द्यायला पुढे केलं तर घेईना. गळ्यातली शिट्टी काढली आणि टोपीवरूनच तिच्या गळ्यात घातली. मग काठाकडे वळून, आवाज फुटेना तरी सगळ्यांना ऐकू जाईल असा —

‘आजपासून हिला विचारायचं! मला नाही!’

नीन्के, जी व्यायला आलेल्या गायीवरसुद्धा ओरडते, ती हमसून रडली. मग तिने शिट्टी फुंकली आणि पोरं खुर्च्या ढकलत सुटली, पन्नास खुर्च्यांचा आवाज एकदम!

त्याने स्वतः सोडलं. मी काही बोलले नव्हते, कोणीच बोललं नव्हतं. मी आभाळाकडे बघून आभार मानले आणि लगेच दुसरा विचार — निवृत्ती! ही निवृत्तीच झाली की! दुसरी वाट उघडली! सूप बघते असं सांगून घरी पळाले. सत्तरीची बाई, घसरड्यावरून. बाईंना फोन.

‘उद्या,’ त्या म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आधी डाउवेचा गाढवपणा. सकाळी उठून त्याने घरावर झेंडा लावला, आणि वर नारिंगी लांब पट्टी! विब्रेन खिडकीत कॉफी पीत होता.

‘गेपके, आज राजवाड्यात कुणाचा वाढदिवस?’

‘मला काय माहीत!’

‘नाही आहे कुणाचाच.’ थोडा वेळ झेंडा बघत बसला. मग कप ठेवला. ‘माझा काळा कोट काढ. नीन्के कशी करते ते बघायला जाऊ.’

बर्फ बघायला काळा कोट! मी तो काढला, ब्रश मारला.

कुरणावर पोरं, बाप्ये, सीत्स्केसुद्धा, खुर्ची न धरता. सूपवाल्याच्या तंबूतून वाफा. आणि समोरून नगराध्यक्ष बाई — गळ्यात सोनेरी साखळी, पायात गुडघाभर बूट, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेल्या. अर्ध्या वाटेत घसरल्याच! पण निळी पेटी छातीशी घट्ट. सगळे हसले, त्याही हसल्या, आणि मग स्लेजपुढे येऊन सरळ उभ्या राहिल्या. हसू आपोआप थांबलं.

विब्रेन उठायला लागला. ‘बसा,’ बाई म्हणाल्या. तो उठलाच.

‘महाराजांची मर्जी झाली आहे की…’ हे शब्द मी दरवर्षी बातम्यांत ऐकते, कांदा चिरता चिरता. पण ते त्याच्या नावाला जोडून आले, पूर्ण नावाला, बापाच्या आडनावासकट, आमच्या गावाच्या नावासकट, उघड्या आभाळाखाली, आणि मी स्लेजची कड धरली. बाईंनी सगळं सांगितलं. खुर्च्या, पूल, पन्नास हिवाळे. सीत्स्केचं नाव न घेता सीत्स्केचंही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो सीत्स्केकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे, मान हलवत.

मग बाईंनी पेटी माझ्यापुढे उघडली. ‘तुम्ही लावा.’

मी! हातमोजे काढले. तो मला वाटला होता त्यापेक्षा लहान आणि त्यापेक्षा जड. थंडगार. ऊन पडलं आणि सिंह हलल्यासारखा वाटला. डाव्या छातीवर, कोटाला. पिन दोनदा निसटली. त्याने माझा हात वरून धरला आणि दोघांनी मिळून लावली.

सगळे वाट बघतायत, मास्तर काय बोलणार. त्याने मान खाली घालून क्रॉस पाहिला, मग वर बघून —

‘याहून वाईट असू शकलं असतं.’

काय हसले लोक! डाउवे तर हसत आणि रडत बर्फावर बसला. चाळीस माणसांचा ओरान्येकूक शेवटी निघालाच, साठ जणांनी खाल्ला.

आयुष्यात इतकी सुखी झाले असेन तर एकदाच, आणि तेव्हा मी वीस-पंचवीसची होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॉफीच्या वेळी विणलेल्या बनियनवर क्रॉस लावून बसलेला! डाउवे बघून हादरलाच. ‘अरे, असा नसतो घालायचा! नियम आहेत!’ विब्रेन म्हणतो, ‘राजाने दिलाय, डाउवेने नाही.’

डाउवे गेल्यावर काढून टेबलावर ठेवला, उलटा करून मागचं वाचलं. कितीतरी वेळ. बोटाने टोकं मोजत होता, लहान मुलासारखी. मी शिवण घेऊन बसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बटाटे सोलताना सुरी थांबली.

शिट्टी त्याने बुधवारी दुपारी दिली. बाई आल्या गुरुवारी सकाळी. राजा काय कालव्यापलीकडे राहतो? एका रात्रीत कोण सही करतं? मागे चर्चच्या ऑर्गनवाल्या म्हाताऱ्याचं नाव किताबासाठी पाठवलं होतं तेव्हा विब्रेन आणि डाउवेनेच तर पाठवलं होतं. किती महिने लागतात, कशी वाट बघावी लागते, सगळं त्याला ठाऊक! म्हणजे क्रॉस आधीच तयार होता हे तो ओळखेल, आणि घाई कशासाठी तेही.

मला, डाउवेला, बाईंना, तिघांनाही एवढी साधी गोष्ट सुचू नये! आनंदाच्या भरात पार वेंधळे झालो. आता तो विचारेल. विचारलं तर खोटं बोलता येईल का मला? आजवर नाही आलं.

विचारलं नाही. बटाटे छान झाले म्हणाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वितळतंय. पन्हळी टपटपतायत. नीन्केने काल सगळ्यांना बर्फावरून बाहेर काढलं, आमच्या खिडकीखाली येऊन फक्त हात केला. त्यानेही केला.

बिछाना खाली आणलाय, कालवा दिसेल असा. फार बोलत नाही. खातो कमी. क्रॉस खिडकीच्या कट्ट्यावर, पेटी उघडी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजही विचारलं नाही. माझा जीव टांगणीला.

२ मार्च, रविवार

सकाळी कॉफी. पलीकडे चर्चची घंटा चालू, आम्ही गेलो नाही. बाहेर बघत तो म्हणाला, ‘गेपके, आता सांग. किती?’

मी कप खाली ठेवला. ‘मार्चअखेर. असं त्या म्हणाल्या.’

तो माझ्याकडे वळला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. ‘अखेर? मी मध्यापर्यंतच धरून चाललो होतो. म्हणजे दोन आठवडे जास्तच आहेत की!’

मग बिस्किटांचा डबा मागितला, आणि दोन घेतली.